तुम्ही विचारलंत म्हणून: खरं चायनीज आपल्याला झेपतं का?

पुण्या-मुंबईहून कोणी आमच्याकडे न्यू जर्सीला यायचं ठरलं की फोनवर हा प्रश्न हमखास येतो, "तिकडे म्हणे खरं चायनीज मिळतं, पण ते आपल्याला झेपतं का गं?" आणि इथे नव्याने शिकायला आलेली मुलंमुलीही हल्ली तेच विचारायला लागलीत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. झेपतं, अगदी छान झेपतं, पण "चायनीज" असं मोघम काही शोधत फिरू नका, चीनच्या कुठल्या तरी एका प्रांताचं किंवा शहराचं जेवण शोधा. माझं विचाराल तर शीआन शहराचं, आणि त्यासाठी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं फ्लशिंग, म्हणजे ७ नंबरच्या ट्रेनचं शेवटचं स्टेशन.

आपल्याकडचं चायनीज मला मनापासून आवडतं, ते आपलंच आहे. मांचुरियन तर मुंबईतलंच, १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियामधे नेल्सन वांग यांनी आलं-लसूण-हिरवी मिरची परतून गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला तिथून ते सुरू झालं असं सांगतात. अमेरिकेचंही असंच स्वतःचं एक गोडसर चायनीज आहे, कारण इथे आधी आलेले चिनी लोक बहुतेक सगळे दक्षिणेकडच्या ग्वांगडाँगचे, मग १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दारच बंद झालं, तो कायदा १९४३ ला गेला आणि खरं येणंजाणं वाढलं ते १९६५ नंतर. त्यामुळे बाकीच्या प्रांतांचं जेवण इथे फार उशिरा पोचलं. शीआनच्या जेवणाची जी साखळी आता न्यूयॉर्कभर दिसते, शीआन फेमस फूड्स, तीसुद्धा २००५ मधे फ्लशिंगलाच सुरू झाली.

शीआन का, तर ते चीनच्या वायव्येला, रेशीम मार्गाच्या पूर्वेकडच्या टोकाला. तिथे भातापेक्षा गहू जास्त, हुई म्हणजे चिनी मुसलमानांची जुनी वस्ती आहे म्हणून मटण, त्यात भरपूर जिरं, लाल तिखट, कच्चा लसूण आणि काळं व्हिनेगर. आता सांगा, यात आपल्याला परकं काय आहे?

आम्ही जातो ती जागा अगदी छोटी, चार-पाच टेबलं, काउंटरच्या मागे सगळं उघड्यावर चाललेलं, आणि चालवणाऱ्या बाईंना आम्ही आपापसात मावशी म्हणतो. तिथे गेलात की मेनू वाचत बसू नका, आधी पाच मिनिटं त्यांचे हात बघा. तेल लावून मुरवत ठेवलेल्या कणकेची एक लांबट पट्टी घेतात, लाटण्याने चपटी करतात, मधोमध बारीक काठीने एक खाच पाडतात, मग दोन्ही टोकं धरून हात पसरत पसरत ओट्यावर आपटतात, थाड थाड, आणि ती पट्टी बघता बघता हातभर लांब होते, मग खाचेवर चिरून उकळत्या पाण्यात. ह्या बियांग बियांग नूडल्स, कमरेच्या पट्ट्याएवढ्या रुंद. बोलमधे खाली सोया आणि व्हिनेगर, वर नूडल्स, त्यावर तिखटाचा, बारीक लसणाचा आणि कांद्याच्या पातीचा ढीग, आणि त्या ढिगावर धूर निघणारं कडकडीत तेल. चर्र आवाज होतो आणि शेजारच्या टेबलापर्यंत वास जातो. आल्याआल्या खालपासून वरपर्यंत ढवळायचं, थांबलात तर चिकटतात, फोटो काढायचाच असेल तर एकच काढा.

दुसरी वस्तू लियांगपी, गार असते, आणि आमच्या घरच्या ज्येष्ठ मंडळींना हीच सगळ्यात जास्त आवडते. मळलेली कणीक पाण्यात चोळून चोळून धुतात, पांढरं पाणी ठेवून देतात, सत्त्व खाली बसलं की वरची निवळ ओतून देतात, अगदी आपल्या कुरडयांचा चीक करताना करतो तसं, आणि मग तो चीक ताटलीत पातळ पसरून वाफवतात. त्या चकतीच्या पट्ट्या कापून काकडी, मोड, व्हिनेगर, लसणाचं पाणी आणि मिरचीचं तेल. धुऊन उरलेला चिवट गोळा टाकत नाहीत, तोही वाफवून तुकडे करून वर घालतात, स्पंजासारखा रस पितो. माझ्या आईने पहिला घास घेतल्यावर "अगं हे गव्हाचंच आहे ना" एवढंच विचारलं आणि सगळी बशी संपवली.

मटण खात असाल तर पाओमो चुकवू नका, पण भूक आणि वेळ दोन्ही घेऊन जा. आधी तुमच्यासमोर रिकामा बोल आणि घट्ट पाव येतो, तो तुम्हीच हाताने कुस्करायचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा बारीक, मग बोल परत आत जातो आणि मटणाचं पाणी, मटण, शेवया घालून येतो. एकदा आमच्या वहिनींनी गप्पांच्या नादात मोठे मोठे तुकडे केले तर मावशींनी बोल बघितला, नाही अशी मान हलवली, खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि न बोलता सगळे तुकडे परत बारीक करायला लागल्या. वहिनीही मग त्यांच्याबरोबर करत बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही आणि रस्सा आत मुरला पाहिजे हे दोघींनाही पक्कं कळतं. सोबत गोडसर मुरवलेला लसूण येतो, तो मधेमधे खायचा.

जिभेला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, ते हुआजियाओ, आपल्या कोकणातल्या तिरफळाचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं. संत्र्या-लिंबाच्या झाडांना रोग लागेल या भीतीने अमेरिकेत २००५ पर्यंत त्याच्या आयातीवर बंदी होती. मालवणकडचे पाहुणे असतील तर त्यांना काही सांगायला लागत नाही, वासावरूनच ओळखतात. जेवण झालं की नूडल्स उकळलेलं गरम पाणी मागा, तिकडे ते मुद्दाम पितात, आपण भाताची पेज पितो त्याच समजुतीने, पोटाला बरं म्हणून.

शाकाहाऱ्यांनी लियांगपी आणि वरून तेल ओतलेल्या बिनमांसाच्या नूडल्स घ्याव्यात. फोनवर चिनीत "मी मांस, मासे, मटणाचा रस्सा खात नाही" असं तिन्ही शब्द लिहून दाखवा, नुसतं मान हलवून "व्हेज व्हेज" म्हणू नका, त्याने नेमकं कळत नाही. संकष्टी असेल तर फ्लशिंगमधेच बाउन स्ट्रीटवर गणपतीचं देऊळ आहे, १९७७ पासूनचं, तळघरात त्यांची कँटीन, तिथे डोसा खा आणि शीआन दुसऱ्या दिवसावर ठेवा.

शनिवार-रविवारी बाराच्या आत पोचा. पार्सल न्यायचं असेल तर लियांगपी न्या, तेल-व्हिनेगर वेगळं बांधून मागा, संध्याकाळपर्यंत छान राहते. बियांग बियांग मात्र पार्सल मागू नका. मावशी देतील, पण नाराजीने, आणि त्यांचं बरोबर आहे.