रोपवनाचं वय मातीत शोधताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी सोलापूरच्या आसपासची कडुनिंब-शिरसाची रोपवनं घेतली. झाडं वाढतात तशी मातीतल्या एन्झाइमची (सजीवांतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांची) क्रियाही वाढते का, एवढंच बघायचं होतं. वीस वर्षं थांबणं कुणालाच परवडत नाही, म्हणून वेगवेगळ्या वयाची रोपवनं एकाच हंगामात तपासायची आणि शेजारचा गवताळ माळ तुलनेला घ्यायचा. यात लावणीआधी सगळीकडे माती सारखीच होती असं धरून चालावं लागतं. आमच्याकडे काळी संपून मुरूम कुठं लागेल याचा नेम नाही, त्यामुळे जागा निवडण्यातच बराच वेळ गेला.

नोंदवहीत लावणीचं साल मिळालं. पण वनरक्षक म्हणाले, "मॅडम, साल एकच हाय, पण मेलेल्या रोपांच्या जागी मागनं परत लावलंय की." तेव्हापासून मूळ लावणीची वाटणारी झाडं त्यांच्याकडूनच दाखवून घेतली.

आणखी एक गोष्ट त्या जागेवरच सुचली. इथली रोपवनं सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीतले लांब चर खोदून केलेली. चरात गाळ, पाचोळा आणि पाणी साठतं. दोन चरांमधली पट्टी मात्र तशीच टणक राहते. म्हणून चरातले आणि पट्टीतले नमुने वेगळे ठेवले.

पद्धत बसवायच्या चाचण्या मे महिन्यात होत्या. फॉस्फटेज, म्हणजे सेंद्रिय पदार्थातला फॉस्फरस मोकळा करणारं एन्झाइम, मोजायला ३७ अंशांवर एक तास लागतो आणि दुपारी आमची खोलीच त्याच्या वर! साधा इन्क्युबेटर तापवतो, गार करत नाही. चाचण्या सकाळी लवकर उरकायच्या. माती चुनखडीची, सामू आठच्या पुढं, त्यामुळे आम्लधर्मी फॉस्फटेजपेक्षा अल्कधर्मी मोजण्यात जास्त अर्थ होता.

खरे नमुने पहिला चांगला पाऊस झाल्यावर घेतले. डीहायड्रोजनेज हे दुसरं एन्झाइम जिवंत पेशींतच काम करतं, म्हणून माती वाळवायची नाही. बर्फाच्या पेटीत घालून थेट प्रयोगशाळेत. मातीत टीटीसी नावाचं रंगहीन रसायन घालायचं, सूक्ष्मजीव त्याचं टीपीएफ हे लाल रसायन करतात. २४ तासांनी तो रंग मिथेनॉलमध्ये उतरवून ४८५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात यंत्रावर वाचायचा. जितका गडद, तितकी क्रिया जास्त. हा भाग मला मनापासून आवडायचा.

जुन्या रोपवनात आकडे वरचे आले, अपेक्षेप्रमाणे. पण नव्या रोपवनाच्या चरातली माती जुन्याच्या पट्टीतल्या मातीला मागं टाकत होती. क्रियेला सेंद्रिय कर्बानं भागल्यावर तर वयाचा फरक बराच आटला. आणि ज्याला पडीक म्हणतात तो माळ नव्या रोपवनाच्या पट्टीपेक्षा कमी नव्हता. गवताची बारीक मुळं दरवर्षी मरून मातीला खाद्य देत राहतात. 'रोपवनामुळे माती सुधारली' हे मसुद्यातलं वाक्य मी खोडलं. झाडाचं वय म्हणून आपण मोजतो त्यात साठलेला पाचोळा आणि ओलच जास्त असते, असं माझं मत झालं.

वयाचा आलेख प्रबंधात ठेवला, पण चर आणि पट्टी यांच्या दोन वेगळ्या रेषांनी. तोंडी परीक्षेत निम्मे प्रश्न चरांवरच आले.