पाठीतलं पाणी काढू द्यावं का?

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा फोन येतोच. "डॉक्टर, आमच्या पेशंटच्या पाठीतलं पाणी काढायचं म्हणतायत. सही करू का? लोक म्हणतात माणूस लुळा पडतो." पलीकडे सिस्टर फॉर्म घेऊन उभी असते, म्हणून मी "करा" एवढंच म्हणतो. आता तुम्ही विचारलंत म्हणून जरा सवडीने सांगतो.

ते पाणी मुळात पाठीचं नव्हेच, मेंदूचं आहे. मेंदूच्या आत पोकळ्या असतात. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या झुबक्यांतून ते पाझरतं, मेंदूभोवती फिरतं, मणक्यांच्या नळीतून कमरेपर्यंत उतरतं आणि शेवटी डोक्याच्या माथ्याखालच्या मोठ्या शिरेतून पुन्हा रक्तात जातं. वॉर्डात आम्ही त्याला सीएसएफ म्हणतो. एका वेळी असतं साधारण १५० मिली, पण दिवसाला नवं तयार होतं जवळजवळ अर्धा लिटर. तपासायला आम्ही घेतो आठ-दहा मिली. ते अर्ध्या तासात भरून येतं.

विहिरीतून घागर काढलीय कधी? पाण्यात असेतो हलकी, वर आली की हात भरून येतो. मेंदूचंही तसंच. वजन सुमारे १४०० ग्रॅम, पण या पाण्यात तरंगताना तो ५० ग्रॅमच्या आसपास भरतो. ताजा मेंदू खरवसासारखा मऊ असतो. पाण्याचा आधार नसता तर स्वतःच्याच भाराने खालच्या नसा-शिरांवर दाबला गेला असता.

आता सुई. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. आम्ही टोचतो त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या मधे. पेशंटला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावतो, म्हणजे मणक्यांमधली फट उघडते. त्या जागी फक्त सुट्या नसा लोंबत असतात. पातेल्यातल्या शिजलेल्या शेवयांत सुई घाला, शेवया बाजूला सरकतात, तसंच. हाताला हलकासा 'टक्' जाणवतो, सुईतली तार काढली की थेंब यायला लागतात. निरोगी माणसाचं असेल तर नळाच्या पाण्यासारखं नितळ. तांदळाच्या धुवणासारखं गढूळ आलं तर पू, आणि मग अँटिबायोटिकला तासाचाही उशीर नको. टीबीचं बऱ्याचदा स्वच्छच दिसतं, पण बाटली ठेवून दिली की त्यात कधीकधी कोळिष्टकासारखं जाळं धरतं.

मग लोक लुळे पडतात ते खोटं? नाही. मी पाहिलेत. एकोणीस वर्षांचा मुलगा होता, तीन आठवडे ताप आणि डोकेदुखी, मग उलट्या, मग बरळणं. मामा अडून बसले, पाणी काढू देणार नाही. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सही झाली, तपासणीत टीबी निघाला, औषधं सुरू झाली. पाचव्या दिवशी सकाळी मुलाचा डावा हात उचलेना. मामांनी काही न बोलता माझ्याकडे पाहिलं.

झालं होतं ते असं. मेंदूला रक्त चार धमन्या पुरवतात, दोन गळ्यातून, दोन मानेच्या मणक्यांतून. मेंदूच्या तळाशी त्यांच्या फांद्या जुळून एक कडं होतं. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६६४ साली त्याचं वर्णन छापलं, म्हणून ते 'विलिसचं कडं'. हे कडं याच पाण्यात बुडालेलं असतं. टीबीच्या मेनिंजायटिसमधे, म्हणजे टीबीने मेंदूची आवरणं सुजतात तेव्हा, चिकट, दाट साका धरतो तो नेमका तिथे, तळाशी. धमन्या त्यात लडबडतात, सुजतात, अरुंद होतात, आणि मेंदूच्या खोल भागाचं रक्त तुटतं. उजव्या बाजूचं तुटलं की डावं अंग जातं. सुई तिथून दोन हात लांब, कमरेत टोचलेली. पण लोकांना दिसते ती सुई, साका कोणाला दिसतो? त्या गावात तो हात अजून माझ्याच नावावर आहे.

सुईचा खरा त्रास वेगळा. भोकातून थोडं पाणी झिरपत राहिलं तर उठून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं. १८९८ मधे जर्मनीत कील इथे ऑगस्ट बीअर या सर्जनने अशीच पाठीत सुई टोचून भूल देण्याचा प्रयोग स्वतःवर करून घेतला. सिरिंज सुईला नीट बसेना, बरंच पाणी वाहून गेलं आणि बीअरसाहेब नऊ दिवस अंथरुणावर. आता सुया खूपच बारीक आहेत.

सही करण्याआधी विचारायचंच असेल तर हे विचारा: डोक्यातला दाब वाढलाय का ते कळायला डोळ्याचा पडदा पाहिला का, सीटी लागणार का? डोक्यात मोठी गाठ असून दाब वाढलेला असेल, तर खालून पाणी काढल्यावर मेंदू कवटीच्या तळच्या भोकाकडे सरकू शकतो. तिथे मात्र तुमची भीती रास्त आहे. आणि पेशंटला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कोणी विचारण्याची वाट पाहू नका, पाकीटच नेऊन दाखवा.