साखर १७२, तरीही कीटोअ‍ॅसिडोसिस

आषाढीच्या दिवसांत सोलापूरच्या कुठल्याही कॅज्युअल्टीत उलट्यांचा पेशंट आला की पहिला विचार गॅस्ट्रोचाच येतो. वारीची गर्दी, बाहेरचं पाणी, पाऊस. त्यामुळे द्वादशीच्या दुपारी मंगळवेढ्याकडच्या एका शिक्षिका बाईंना आणलं तेव्हा आमच्या आरएमओने (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने) सलाईन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं आणि मला फोन केला. वय पन्नाशीच्या आसपास, मधुमेह जुना, रात्रीपासून उलट्या, पोटात दुखतंय. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) "सर, शुगर १७२ आहे, म्हणजे त्या बाजूने काळजी नाही. जुलाब मात्र एकही झालेला नाही," तो म्हणाला.

जुलाब नाही हे मला खटकलं. खाली जाऊन पाहिलं तर त्याहून जास्त खटकला त्यांचा श्वास. मिनिटाला बत्तीस, खोल, जरासुद्धा उसंत नसलेला. ऑक्सिजन ९८ टक्के, छाती स्वच्छ, ईसीजी नॉर्मल. फुप्फुसं चांगली असताना माणूस असा श्वास घेतो तेव्हा रक्तात आम्ल साठलेलं असतं, आणि शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून ते कमी करायला धडपडत असतं. एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी केली. पीएच ७.०९, आम्ल आवरणारं बायकार्बोनेट फक्त ७, म्हणजे रक्त फारच आम्लधर्मी. लघवीच्या पट्टीवरचा कीटोनचा (चरबी फुटल्यावर बनणाऱ्या आम्लांचा) चौकोन गडद जांभळा.

साखर तीनशे-चारशेच्या पुढे गेली की कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे कीटोन साठून रक्त धोकादायक आम्लधर्मी होणं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे साखर १७२. अशा वेळी मी एकच गोष्ट मागतो: घरातल्या सगळ्या गोळ्या, पाकिटांसकट.

बाईंच्या यजमानांनी पिशवी पलंगावर रिकामी केली. मेटफॉर्मिन, बीपीची एक गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर ही गोळी खूप स्वस्त झाली आणि खेडोपाडी पोचली. गोळी चांगलीच आहे, हृदयाला आणि किडनीला तिचा फायदा होतो, मी स्वतः रोज लिहून देतो. मी विचारलं, "जेवण कसं आहे?"

"साहेब, जेवतीय कुठं? घरची मालदांडी ज्वारी पडून आहे, पण महिना झाला भाकरीला हात लावला नाही. पोरानं पुण्याहून कसला तक्ता धाडलाय. पनीर, तूप, लोणी, बदाम, खोबरं. वजन उतरलं म्हणून शाळेत सगळ्यांनी कौतुक केलं, मग काय विचारता!"

तो तक्ता मी त्यांच्या मोबाइलवर पाहिला. कीटो डाएट, दिवसाला कार्बोहायड्रेट २० ग्रॅमच्या आत. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत पस्तीसेक ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, म्हणजे अख्ख्या दिवसात एक भाकरीसुद्धा बसत नाही. त्यात आली एकादशी. साबुदाणा, भगर, रताळं सगळं पिष्टच, ते तक्त्यात चालेना. दूध-शेंगदाण्यावर भागलं असतं, पण आदल्या दिवसापासून मळमळ होती. माळकरी बाई, उपास मोडायचा नाही. दिवसभर लिंबूपाणी, आणि गोळ्या मात्र नेमाने घेतलेल्या.

डापाग्लिफ्लोझिन किडनीला साखर परत शोषू देत नाही, ती लघवीवाटे सोडून देते. म्हणून रक्तातली साखर फारशी चढत नाही. साखर कमी, म्हणून इन्शुलिनही कमी, त्याच्या उलट काम करणारं ग्लुकॅगॉन हे संप्रेरक मात्र वाढलेलं. मग शरीर चरबी फोडतं आणि यकृत त्यातून कीटोन बनवतं. नुसत्या कीटो आहारातही कीटोन बनतात, पण रक्तात लिटरमागे साधारण ०.५ ते ३ मिलिमोलच्या दरम्यान राहतात, कारण थोडं इन्शुलिन त्यांना आवरून धरतं. इथे आहाराने इन्शुलिन उतरवलं, गोळीने आणखी उतरवलं, वर कडक उपास आणि उलट्यांनी सुकलेलं शरीर. लगामच सुटला. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) या गटातल्या गोळ्यांबद्दल हा इशारा २०१५ मध्येच दिला होता.

आयसीयूत हलवलं. तोपर्यंत मुलगा पुण्याहून पोचला होता. एका हाताला इन्शुलिनचं ड्रिप, दुसऱ्या हाताला ग्लुकोजचं, हे बघून तो गोंधळला. "डॉक्टर, साखर वाढलेली नाही तर इन्शुलिन कशाला? आणि इन्शुलिन देताय तर ग्लुकोज का?" प्रश्न अगदी योग्य होता. त्याला सांगितलं, इन्शुलिन साखरेसाठी नाही, कीटोन थांबवण्यासाठी आहे. आणि ते चालू ठेवता यावं म्हणून ग्लुकोज द्यावं लागतं, नाहीतर साखर धाडकन खाली येईल. पोटॅशियमवर सिस्टर रात्रभर नजर ठेवून होत्या, कारण इन्शुलिनबरोबर ते पेशींत शिरतं आणि रक्तात घटतं. पहाटे श्वास शांत झाला. दुपारी बायकार्बोनेट १७ वर आलं आणि बाईंनी पहिल्यांदा चहा मागितला. डापाग्लिफ्लोझिन बंद करूनही लघवीत साखर पुढे काही दिवस येतच होती. या गोळीचा असर असा रेंगाळतो, म्हणून ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ती थांबवतात.

आता त्यांचे आधीचे रिपोर्टही सांगितले पाहिजेत, नाहीतर हे सगळं एकतर्फी होईल. कीटो सुरू करण्यापूर्वी वजन ८४, कंबर ९८ सेंटिमीटर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २९०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, उपाशीपोटी साखर १७८, बीपीची गोळी चालू. आपल्याकडच्या बायकांसाठी कंबरेची मर्यादा ८० आहे. कंबर, बीपी, साखर आणि रक्तातली चरबी एकत्र बिघडतात त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात; त्याचे पाच निकष असतात, त्यांतले तीन भरले तरी निदान होतं. बाईंचे पाचही भरले होते. पाच आठवड्यांच्या कीटोनंतर वजन ७७, ट्रायग्लिसराइड १४८, साखर ११२. वजनातला सुरुवातीचा बराच भाग पाण्याचा असतो, कारण शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) संपताना त्याने धरलेलं पाणीही जातं. तरी ट्रायग्लिसराइड आणि साखर उतरली ती खरीच उतरली. कीटोला फॅड म्हणून उडवून लावणं मला पटत नाही.

पण ज्या आहाराने पाच आठवड्यांत एवढं होतं, त्याला औषधासारखंच वागवायला हवं. हा आहार १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवला तो अपस्माराच्या रुग्णांसाठी. तेव्हापासून फिट येणाऱ्या मुलांना तो ग्रॅमवर तोलून, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिला जातो. आपल्याकडे तो मोबाइलवरच्या तक्त्यातून घरात येतो. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर त्याने झपाट्याने खाली येऊ शकते, बीपीच्या गोळीचा डोस जड होऊ शकतो, आणि डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी असेल तर ती आधी बंद करावी लागते. गोळ्यांची चिठ्ठी आणि ताटाचा तक्ता एकाच माणसाने, एकाच वेळी, समोर ठेवून पाहिला पाहिजे. बाईंच्या बाबतीत गोळ्या डॉक्टरांना माहीत होत्या आणि तक्ता मुलाला. दोन्ही एकत्र बघणारं कुणी नव्हतं.

घरी जाताना बाईंचं आमच्या आहारतज्ज्ञ ताईंशी बोलणं झालं. प्रत्येक जेवणात एक भाकरी, मुगाची किंवा मटकीची उसळ, भरपूर पालेभाजी, भात नाही. डापाग्लिफ्लोझिन त्यांच्यासाठी कायमची बंद, तसं केसपेपरवर लाल शाईने लिहून दिलं.

मुलगा स्वतःही कीटोवर होता. वय तिशीतलं, वजन १०८, मधुमेह नाही, कुठलीच गोळी नाही. "आता मीही सोडू का?" त्याने चाचरत विचारलं. मी म्हटलं, तुझी गोष्ट वेगळी आहे. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि लिपिड (रक्तातल्या चरबीची) तपासून घे, पाणी आणि मीठ कमी पडू देऊ नकोस, तीन महिन्यांनी ये. तो आला. वजन ९७, ट्रायग्लिसराइड २२० वरून १२०, पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ वरून १७६. आमच्या ताईंनी त्याचं लोणी आणि खोबरं बंद केलं, तूप चमच्यावर आणलं, शेंगदाण्याचं तेल, मटकी आणि हरभरा सुरू केला. आता ते कीटो राहिलेलं नाही, नुसतं कमी कार्बोहायड्रेटचं जेवण आहे, आणि त्याची त्याला हरकत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा लिपिड करायला सांगितलं आहे.