"उद्यम रद्द करून टाका ना भाऊ!"

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माझं पत्रा कटिंगचं छोटं युनिट आहे, उद्यमवर, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीत, नोंदलेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये, ज्यांना मी पॅनेल देतो त्या कंपनीच्या पर्चेसमधून फोन आला. "भाऊ, तुम्ही उद्यम रजिस्ट्रेशन काहून काढलं? रद्द करून टाका ना. नाहीतर एप्रिलपासून ऑर्डर दुसरीकडे जाते."

नोव्हेंबरपासूनचे माझे चार लाख त्यांच्याकडेच अडकलेले, आणि धमकीही त्यांचीच!

सीएनं उलगडा केला. आयकर कायद्यात तेव्हा कलम ४३बी(एच) आलं होतं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. मुदत उलटून ३१ मार्चलाही बाकी राहिले, तर तो खर्च त्या वर्षी माल घेणाऱ्याच्या उत्पन्नातून वजा धरत नाहीत. म्हणजे माझ्या चार लाखांपायी कंपनीला लाखभर कर आधीच भरावा लागणार. मुदत तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यातही होती, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही होतं. पण ते मागायला थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी कौन्सिलकडे गेलं की गिऱ्हाईक तुटलंच. म्हणून कोण मागतो?

हे कलम ज्या वित्त विधेयकातून आलं, ते २४ मार्च २०२३ ला लोकसभेत गोंधळात, चर्चेविना मंजूर झालं. चर्चा झाली ती पर्चेसच्या केबिनमध्ये, माझ्याशी. "आम्हाला पुढून नव्वद दिवसांनी मिळतात. तुम्हाला पंचेचाळीसाव्या दिवशी काय बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) उचलून देऊ?" खोटं नव्हतं ते.

मग म्हणाले, ३१ मार्चला माल परत दाखवतो, १ एप्रिलला नवं बिल करा. सीए ओरडलाच. क्रेडिट नोट, जीएसटी, नको तो घोळ.

उद्यम रद्द केलं नाही. बँकेचं कर्ज त्याच्यावरच आहे. बिलावर उद्यम नंबर छापला. ४५ दिवसांच्या पत्रावर त्यांची सही घेतली. चलनावर माल स्वीकारल्याची तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय आमचा टेम्पो आता कंपनीच्या गेटबाहेर पडत नाही, कारण दिवस तिथूनच मोजतात.

२८ मार्चला चार लाख जमा झाले. एप्रिलपासून ऑर्डर निम्म्यावर आल्या. उरलेल्या बुटीबोरीच्या एकाकडे गेल्या, त्यानं उद्यम काढलेलंच नाही. परवा तो शेडवर आला होता. १२० दिवस झालेली बिलं हातात, माझ्या सीएचा नंबर मागत होता.