गप्पी पण मासाच आहे ना?

आमच्या लॅबमध्ये माशांची चाचणी सोमवारी सकाळीच लावतात. ९६ तास शुक्रवारी संपतात, रविवार वाचतो. नियम दिसायला सोपा: प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात, साधं पाणी न मिसळता, ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत हवेत. टाकीत दहा मासे. एक मेला तर पास, दोन मेले तर नापास. पर्यावरण संरक्षण नियमांत ही ओळ आहे, पण मासा कुठला ते त्या ओळीत नाही. सगळी गोम तिथेच.

आम्ही वर्षानुवर्षं गप्पी वापरतो. दुकानात कधीही मिळतो, स्वस्त पडतो, सहजासहजी मरत नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. डासांच्या अळ्या खायला आपण तो गटारांत, हौदांत सोडला आणि तो तिथे सुखाने नांदला. गटारात नांदणाऱ्या माशाने सांडपाण्याची परीक्षा घ्यायची, यातला विनोद आमच्या सरांना कधी दिसला नाही. देशीच हवा तर मरळ घ्या, असं एकाने सुचवलं. मरळ पाण्यावर तोंड काढून हवा घेते. पाण्यात प्राणवायू नसला तरी तिचं अडत नाही.

म्हणून या खेपेला पानशेतकडच्या एका भोई मामांकडून रास्बोरा आणवले. बोटभर मासा, अंगावर आडवी काळी रेघ. त्यांना हात लावायचा नाही, जाळ्यातून थेट पाण्यात सोडायचे. खवले निघाले की बुरशी धरते. लॅबमध्ये क्लोरीन घालवलेल्या पाण्यात रुळवायचे, टाकीवर जाळी बांधायची, कारण उड्या मारतात. रुळताना फार मेले तर अख्खी खेप बाद. चाचणीच्या आदल्या दिवसापासून खाणं बंद.

नमुना एका कारखान्याचा होता. एका टाकीत गप्पी, एकीत रास्बोरा, पाणी तेच. बुधवारी सकाळी गप्पी दहाच्या दहा पोहत होते आणि चार रास्बोरा तळाशी. शेपटीला काडी लावून पाहिली, कल्ले हलत नव्हते. मग पाण्याचा सामू (pH) घेतला. सोमवारी ७.४ होता, आता ८.३. टाकीत सतत हवा सोडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सामू चढतो. सांडपाण्यातला एकूण अमोनिया तेवढाच राहिला तरी त्यातला जहरी भाग वाढतो: २५ अंशाला सामू ७ असताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास, ८ ला पाच टक्क्यांच्या. दोन्ही टाक्यांत हेच घडलं होतं. गप्पींना त्याचं काही नव्हतं.

कारखान्याच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, गप्पी पण मासाच आहे ना?"

आहे. कायद्याने आहेच.

सरांनी तुलनेसाठी ठेवलेल्या साध्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. तिथेही एक रास्बोरा मेला होता. "तुझे मासेच आजारी आहेत." दहांत एक चालतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पण शुक्रवारी चहा पिताना ते जे बोलले ते अजून डोक्यातून जात नाही. "हे पाणी जाणार नदीत, शहराच्या खालच्या अंगाला. पानशेतचा मासा कशाला? तिथलाच आण."

शहराच्या खाली नदीत जाळं टाकलं तर बहुतेक चिलापीच (तिलापिया) येते. रास्बोरा सापडलाच, तरी तो घाण सोसून उरलेला. त्याच्यावर चाचणी घेतली तर निम्मं उत्तर नदीने आधीच देऊन ठेवलेलं. उलट धरणाच्या वरचा मासा घ्यायचा, तर ज्या पाण्यात तो आज राहतच नाही त्या पाण्याचा निकाल त्याच्याकडून मागायचा. सर सोयीचं बोलत होते, पण सगळंच चूक बोलत नव्हते, आणि याचाच मला राग येतो.

अहवाल गप्पीवरच गेला: पास. रास्बोराचे आकडे मी नोंदवहीत वेगळ्या पानावर उतरवले आहेत. पकडून आणलेल्यांपेक्षा लॅबमध्येच पैदास केलेले रास्बोरा घेतले तर निदान आजारी असल्याचा आरोप तरी टळेल, म्हणून पावसाळ्यासाठी एक रिकामी टाकी मागितली. सर म्हणाले, गप्पींनाच जागा पुरत नाही.