मटणात दूध ओतणारी आजी

आमच्या नव्या दोन अंकी नाटकाच्या तालमी अलिबागला सुरू आहेत आणि ग्रुपमध्ये रोज एकाच गोष्टीवरून वाजतंय, दुसऱ्या अंकातला १९६२ चा, म्हणजे आजीच्या तरुणपणी इस्रायलमध्ये घडलेला भाग ठेवायचा की उडवायचा. अर्ध्या लोकांचं म्हणणं की लग्नाचं नाटक आहे, प्रेक्षक हसायला येणार, मधेच इतिहास कशाला घुसवायचा. मी ठेवायचा म्हणणाऱ्यांतली आहे. तालमीत हे शांतपणे बोलायला वेळच मिळत नाही, सगळे नोकऱ्या-दुकानं सांभाळून येतात, म्हणून इथे लिहितेय.

आधी गोष्ट सांगते. आपल्या अष्टागरातली, अलिबागच्या किनारपट्टीतली, एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली, मुलगी १९६१ मध्ये आईबापांबरोबर इस्रायलला गेली, तिथेच लग्न झालं, अश्दोदला संसार झाला, आता ती सत्तरी ओलांडलेली आजी आहे. काळ २०१५ च्या आसपासचा. तिची नात लग्न ठरवते एका मोरोक्कोहून आलेल्या ज्यू घरातल्या मुलाशी. म्हणजे बघा, दोन्ही घरं ज्यू, दोन्ही बाहेरून येऊन तिथे वसलेली, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, एक, प्रार्थनेची भाषा एक, आणि तरी पहिल्या बैठकीपासूनच ठिणग्या उडायला लागतात. मी मुलाची आई करतेय, म्हणजे आजीच्या भाषेत विहीणबाई.

आमच्याकडे रायगडात ही मंडळी काही परकी नाहीत, पण बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली अशी त्यांची मूळकथा. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनवार तेली. आडनावं गावांवरून, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, आपल्यासारखीच. हिंदी सिनेमातले डेव्हिड, ते पण चेऊलकरच. अलिबागच्या इस्राएल आळीत त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, आजही उभं आहे, मूळचं १८४८ चं. १९४८ नंतर एकेक घर इस्रायलला जात राहिलं, माझ्या आजोळी वाडीच्या पलीकडचं घर असंच बंद झालेलं मला आठवतंय, कुलूप होतं पण अंगण शेजारचे झाडायचे.

आता नाटकातली गंमत. पहिला वाद मेंदीवरून. आजीला वाटतं मेंदी म्हणजे आपली, ह्या लोकांना काय ठाऊक. आणि मोरोक्कोवाल्यांकडे तर मेंदीचा सोहळा लग्नाहून मोठा, बायका भरजरी काफ्तान घालून, मिठाईची ताटं नाचवत, जिभेने लुलुलु करत येतात आणि मेंदीचा गोळाच्या गोळा तळहातावर थापतात! आजी म्हणते नवऱ्यामुलाच्या बोटाला लावतात फक्त, हे काय लिंपण चाललंय. दोघीही मेंदीच्याच बाजूने भांडतायत हे दोघींना कळत नाही, प्रेक्षकांना मात्र पहिल्या मिनिटाला कळतं, आणि त्यामुळे सीन मस्त रंगतो. मधे नात दुभाषी, ती आजीचं बोलणं सासूला सांगताना तिखट काढून टाकते. अशी एक तरी पोरगी आपल्या सगळ्यांच्या लग्नात असते.

पण पहिल्या अंकाचा जीव आहे तो मटणाचा सीन. आजी स्टेजवर खरंच नारळ खोवते. आम्ही आधी नुसता अभिनय करून बघितला, मजा नाही आली, मग खरी खोवणी आणली. ती पाय दुमडून बसते, नारळाची कवड दोन्ही हातांनी फिरवत राहते, पांढरा कीस ताटात पडत राहतो, मग कोमट पाणी घालून मलमलच्या फडक्यात बांधून पिळते. पहिलं दाट दूध बाजूला ठेवते, पातळ दूध आधी मटणात घालते, आणि उकळी आली की सगळ्यात शेवटी दाट दुधाची वाटी पातेल्यावर तिरकी करते. नेमकी त्याच क्षणी माझी एन्ट्री. विहीणबाईंना दिसतं काय, तर शिजणाऱ्या मांसात ही बाई पांढरंशुभ्र दूध ओततेय. ज्यू घरात मांस आणि दूध एकत्र म्हणजे मोठं पाप, भांडीसुद्धा वेगळी ठेवतात. मी किंचाळते, मुलगा धावत येतो, कोणीतरी गॅस बंद करतं, आणि आजी शांतपणे करवंटी माझ्यासमोर धरते. नारळाचं दूध गं बाई, ह्याला गाय लागत नाही.

इथे हॉल हसतोच, तालमीला बसलेली शेजारची पोरंसुद्धा हसतात. आणि खरं म्हणजे ही त्या लोकांची केवढी हुशारी आहे, कोकणात माड दारात, म्हणून धर्माचा नियमही पाळला गेला आणि कालवणाला दाटपणाही आला. खिरीला, हलव्याला पण नारळाचंच दूध, मटणानंतर गोड खायचं तर दुसरं चालणार कसं. पण ह्या सीनमध्ये एक गोष्ट पेरलेली आहे. आजीला तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच चुलीपुढे, आपण नियम पाळतो हे सिद्ध करून दाखवायला लागलं. ती हसत करवंटी दाखवते, पण दाखवते ना. आमची आजी करणारी बाई इतकी चांगली नटी आहे की करवंटी पुढे करताना हसते आणि खाली ठेवताना हसत नाही. मी समोर उभी असते म्हणून मला दिसतं, तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतं का ते अजून बघायचंय.

आणि मग दुसरा अंक. इस्रायलमध्ये ज्यूंचं लग्न रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयातून नोंदवावं लागतं, तिथे दुसरी सोय नाही. फाईल उघडायची तर आपण ज्यू आहोत ह्याचा पुरावा द्यायचा, आईवडलांच्या लग्नाचा करारनामा किंवा साक्षीदार. सगळ्यांनाच द्यावा लागतो. विहीणबाई अगदी सहज, चहा पिता पिता म्हणतात, तुमच्याकडचे कागद काढून ठेवा हं. आणि आजी उठून आत जाते आणि दार लावून घेते. घरात कोणालाच कळत नाही काय झालं. मुलाला वाटतं मटणाचा राग अजून आहे.

झालेलं हे की १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने लग्न नोंदवणाऱ्यांना सूचना काढली, बेने इस्राएल माणूस दुसऱ्या ज्यू समाजात लग्न करणार असेल तर त्याच्या मागच्या पिढ्या जमेल तितक्या लांबपर्यंत तपासा. नाव घेऊन, फक्त ह्यांच्यासाठी. हा इतिहास खरा आहे. आमच्या नाटकात आजीचं तेव्हा एका इराकी ज्यू घरातल्या मुलाशी ठरलं होतं. तिच्या आजीचे कागद मागितले. तिचा डायलॉग आहे, "माझी आजी नागावात घाणा हाकायची, तिचा कागद कुणाकडं असणार, बैलाकडं?" मुलाकडच्यांनी दोन महिने वाट बघितली आणि माघार घेतली. पुढे तिने आपल्यातल्याच माणसाशी लग्न केलं, सुखाने केलं, पण ही गोष्ट स्वतःच्या मुलाला सुद्धा कधी सांगितली नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल लोक गावोगावहून जेरुसलेमला येऊन धरण्यावर बसले, त्यात ती पण होती. त्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने, क्नेसेटने, ठराव केला की हे सगळ्या बाबतीत पूर्ण ज्यू आहेत, आणि मग रब्बींनी सूचनेतलं त्यांचं नाव काढलं.

आता सांगा, हे काढलं तर उरतं काय? एक हट्टी म्हातारी उरते. लग्नाआधी मलिदा झालाच पाहिजे म्हणून अडून बसलेली. पोहे, खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, वरती फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलियाहू प्रेषिताचं, नाव घेऊन प्रार्थना, जी मोरोक्कोवाल्यांनी कधी बघितलेली नाही आणि ज्यांना ते सगळं पूजेच्या नैवेद्यासारखं वाटतं. एलियाहूचा रथ आपल्या सागावच्या बाजूच्या खडकावर उतरला, चाकांच्या खुणा आहेत, असं ती सांगते तेव्हा जावयाचा भाऊ हसतो. १९६२ नसेल तर प्रेक्षकही त्याच्याबरोबर हसतील. १९६२ असेल तर त्यांना कळेल की ही बाई ताटातल्या पोह्यांसाठी भांडत नाहीये, तिला एकदा कोणीतरी तू आमच्यातली कशावरून असं विचारलंय आणि परत कोणी विचारलेलं तिला चालणार नाही.

मला नाटकात खरा कच्चा वाटतो तो विहीणबाईंचा शेवटचा भाग, आणि हे मी माझी भूमिका म्हणून म्हणत नाही. मोरोक्कोहून आलेल्यांना पण तिथे पायघड्या नव्हत्या, पन्नाशीच्या दशकात त्यांना पत्र्या-तंबूंच्या छावण्यांत ठेवलं, वाळवंटातल्या लांबच्या गावांत नेऊन सोडलं. विहीणबाई दाराबाहेर बसून हे सांगते, फक्त चार वाक्यांत. माझं म्हणणं की हे दोन पानं तरी हवं. तिने आपलं सगळं सांगावं, आईने छावणीत मेंदी कुठून पैदा केली ते सांगावं, मग आतून कडी निघावी. आत्ता ती फार लवकर निघते. लेखकाला सांगून बघितलंय, तो विचार करतो म्हणालाय.

कपडेपटाचं पण अडलंय. नवरीला पांढरी साडी, हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र, नवऱ्याला डोक्यावरून फुलांच्या माळा, इतपत जुन्या लोकांकडून कळलंय. पण चाळीस-पन्नासच्या दशकातला आपल्या भागातला एखादा लग्नाचा फोटो बघायला मिळाला तर बरं होईल, आजीच्या आईच्या फोटोची फ्रेम सेटवर लागणार आहे आणि ती मला खोटी नकोय. रेवदंडा, नागाव, रोहा, पेण कुठेही कोणाच्या घरी असेल तर कळवा, फोटो न्यायचा नाही, तिथेच बसून बघून येऊ. पितळी ताट मात्र न्यायला लागेल, मोठं, मलिद्याचं, आमच्याकडचं जेवणाचं आहे आणि त्यात फळं मावत नाहीत.