पितळेवरचा ओरखडा

ओहायो राज्यात एरी सरोवराच्या काठच्या एका लहान गावात आम्ही राहायला आलो, त्याला आता सात वर्षे झाली. बर्फ, मुलांची शाळा, डॉक्टरांची बिले, मेथीची जुडी किती मैलांवर मिळते, हे सारे फोनवर घरी सांगून झाले आहे. परंतु रविवारी सकाळी मी तळघरात बसून काडतुसे भरण्याच्या डाया, म्हणजे पोलादी साचे, पुसत असतो, असे म्हटले की पलीकडे क्षणभर शांतता पसरते. माझ्या मावशीने तर ‘अरे, नोकरी नीट चालली आहे ना?’ असेच विचारले. तिला फोनवर जे समजावता आले नाही, ते येथे सविस्तर लिहितो.

आमच्या गावापासून मोटारीने अर्ध्या तासावर, पोर्ट क्लिंटनजवळ, कॅम्प पेरी हा नॅशनल गार्डचा तळ आहे. १९०७ सालापासून, मधली खंडाची वर्षे वगळता, तेथे उन्हाळ्यात नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धा भरत आल्या आहेत. आमच्या शेजारचे आजोबा त्या स्पर्धांचे जुने वारकरी आहेत. त्यांनी टोलेडोच्या एका काचकारखान्यात बाटल्यांचे साचे दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षे घालवली आणि निवृत्तीनंतर तोच हात तळघरातल्या लहान साच्यांकडे वळवला. येथील अनेक नेमबाज स्वतःची काडतुसे स्वतःच भरतात, कारण एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा वापरता येते आणि प्रत्येक काडतूस एकसारखे निघेल याची काळजी स्वतःला घेता येते. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यासाठी येथे संघीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची असतील तर लागतो. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसे तयार करण्यासाठी परवाना हवा, त्यामुळे हा छंद घरी कोणाला ऐकूनही ठाऊक नसावा यात नवल नाही. २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण त्याच्या क्रीडाप्रकारातली .२२ ची पुंगळी अशा रीतीने पुन्हा भरता येत नाही, कारण तिचा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो आणि टोला बसला की ती कड कायमची चेपते.

डाय म्हणजे बाहेरून आटे पाडलेला आणि आतून पुंगळीच्या आकाराचा पोकळ पोलादी दंडगोल. बाहेरचे आटे बहुतेक सर्व कंपन्यांचे सारखेच, ७/८ इंच व्यासाचे आणि इंचाला १४, असतात; त्यामुळे नेब्रास्कातल्या हॉर्नाडी कंपनीची डाय आरसीबीएस या दुसऱ्या कंपनीच्या प्रेसमध्ये, म्हणजे दांडा ओढून पुंगळी डायमध्ये दाबणाऱ्या यंत्रात, सहज बसते. बार उडताना पुंगळी बंदुकीच्या कोठीत फुगते. पहिली डाय तिला चहूबाजूंनी दाबून पुन्हा मापात आणते आणि त्याच दट्ट्यात मधली बारीक सळई जुना प्रायमर, म्हणजे टोला बसताच बंदुकीची दारू पेटवणारी बुडातली टिकली, खाली पाडते. शेवटची डाय नवी गोळी पुंगळीच्या मानेत ठरल्या खोलीवर बसवते. दोन्ही कामांत डायच्या भिंती आणि पितळ यांच्यामध्ये वंगणाच्या एका पातळ थराखेरीज काहीच नसते, आणि या छंदातल्या बहुतेक कटकटी त्या थराच्या जाडीतून उद्भवतात.

पहिल्याच वर्षी माझ्या .३०८ रायफलच्या पुंगळ्यांवर मानेपासून खालपर्यंत केसासारखी एक उभी रेघ उमटू लागली. मला वाटले, पितळच हलके असेल. आजोबांनी एक पुंगळी दिव्याखाली धरली, बोटांत फिरवली आणि त्या रेघेवरून आडवे नख ओढले, नख अडकले. मग त्यांनी आणखी चार पुंगळ्या घेतल्या, त्या सर्वांवर तशीच एकेक रेघ होती. ‘पुंगळीला विचारून झाले, आता डायला विचारू,’ एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी डाय प्रेसमधून सोडवली.

डाय उघडण्याची त्यांची रीत मी आजतागायत मोडलेली नाही. आधी मधली सळई सोडवायची, तिचा नट, मानेला आतून मापात आणणारा गोलक आणि प्रायमर पाडणारी टाचणी हे सारे सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पांढऱ्या फडक्यावर मांडायचे, आणि मगच आत पाहायचे. आत जो काळा चिकट लेप दिसतो त्यात तीन गोष्टी कालवलेल्या असतात: वंगण, दारूची काजळी आणि पितळेचा अतिशय बारीक कीस. जुन्या प्रायमरच्या राखेत शिशाची संयुगे असतात, म्हणून हातमोजे घालायचे, टेबलावर चहाचा कप आणायचा नाही, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय वर स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. यातला चहाचा नियम मला सर्वांत जड गेला.

हा लेप मिनरल स्पिरिटने, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रावणाने, सुटतो. डाय त्यात थोडा वेळ बुडवून ठेवायची, नायलॉनचा ब्रश आतून फिरवायचा आणि सुती फडक्याचा तुकडा सळईला गुंडाळून तो स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहायचे. पोलादी तारेचा ब्रश या कामाला चालत नाही, कारण आतली भिंत आरशासारखी घोटलेली असते आणि तिच्यावर उमटलेली प्रत्येक रेघ पुढच्या हजार पुंगळ्यांवर छापली जाते. ही सारी द्रावणे पेटणारी असल्याने खिडकी उघडी ठेवावी लागते आणि दारूचे डबे त्या वेळी खोलीतसुद्धा नसावेत.

माझ्या डायमध्ये लेप निघाल्यावरही बॅटरीच्या उजेडात एक पिवळसर ठिपका चमकत राहिला. पितळेचा कण भिंतीला चिकटून जणू वेल्ड झाला होता. एखादी पुंगळी धुळीसकट किंवा अपुऱ्या वंगणाने आत गेली की असे होते. आजोबांनी लाकडी दांडीला टोकाशी चीर पाडली, तीत सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांच्या जातीची, पोलादी लोकर अडकवली, दांडी ड्रिलला लावली आणि मंद गतीने दहा सेकंद फिरवली. मग पुसले आणि पाहिले; पुन्हा दहा सेकंद, पुन्हा पाहिले. तिसऱ्या खेपेला ठिपका गेला. माझा हात असता तर मी एका दमात मिनिटभर घासले असते आणि भिंत कायमची मोठी करून बसलो असतो, कारण घासलेले पोलाद परत लावता येत नाही.

त्यानंतर मी वंगणाच्या बाबतीत उदार झालो आणि दुसरी चूक केली. पुंगळ्यांच्या खांद्यावर, जेथे त्या निमुळत्या होऊन मान सुरू होते तेथे, अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे पडू लागले. मेणासारखे किंवा तेलासारखे वंगण दाबले तरी आकसत नाही. जास्तीचे वंगण पुंगळीच्या पुढे ढकलले जाऊन खांद्याशी साचते आणि जायला वाट राहिली नाही की मऊ पितळ चेपून आपली जागा करते. हवा व वंगण बाहेर पडावे म्हणून कित्येक डायांच्या अंगाला टाचणीच्या डोक्याएवढे भोक ठेवलेले असते. माझ्या डायचे भोक वाळलेल्या वंगणाने बुजून इतके सपाट झाले होते की तेथे भोक आहे हेच मला दोन वर्षे कळले नव्हते. लाकडी दातकोरणीने ते मोकळे केले तेव्हा आतून काळपट मेणाची एक लांबट अळी बाहेर आली. हल्ली डाय उघडली की मी सर्वांत आधी ते भोक दिव्यासमोर धरतो.

वंगण कमी पडले तर काय होते, तेही भोगून झाले आहे. एका रात्री गप्पांच्या नादात एक कोरडी पुंगळी मी तशीच डायमध्ये सारली. दांडा अर्ध्यावर अडला. शहाण्या माणसाने तेथेच थांबावे, पण मी जोर लावला, पुंगळी आत घट्ट रुतली आणि ओढताना तिच्या बुडाची कड फाटून पकडीत राहिली. ती काढायला दुसऱ्या दिवशी पुरता एक तास गेला. आधी मधली सळई होईल तितकी वर घ्यायची, नाहीतर ड्रिल तिच्यावर आपटते. मग पुंगळीच्या बुडाला मधोमध भोक पाडायचे, त्यात पाव इंची, इंचाला २० आट्यांचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडणारे हत्यार, फिरवायचा, वर एक पोकळ टोपी ठेवून तीतून बोल्ट आत घालायचा आणि पान्याने हळूहळू आवळत जायचे. चिकटलेले पितळ शेवटी जो किंचाळल्यासारखा आवाज करून सुटते, तो ऐकून वरून बायको धावत खाली आली. त्या बदल्यात मी आजोबांच्या अंगणातले गवत दोन आठवडे कापले.

गोळी बसवणाऱ्या डायकडे लोक सहसा दुर्लक्ष करतात, कारण तीत पितळ फारसे घासत नाही. तरीही माझ्या मते खरी नजर तिच्यावरच हवी. आजोबा .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासाठी मेण लावलेल्या शिशाच्या गोळ्या वापरतात. गोळीच्या नाकावर टेकणाऱ्या दांड्याच्या खोलगट टोकात ते मेण थराथराने साचते आणि पुढची प्रत्येक गोळी कणभर अधिक खोल जाते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. व्हर्नियर लावला की काडतुसाची लांबी इंचाच्या काही हजारांशांनी घटलेली आढळते. गोळी खोल गेली की आतली जागा कमी होते आणि तेवढ्याच दारूचा दाब वाढतो, म्हणून हा मळ नुसता अस्वच्छतेचा प्रश्न राहत नाही. दांडा काढून केस वाळवण्याच्या यंत्राने गरम केला की मेण सैल होते आणि कापसाच्या काडीने टिपून घेता येते.

सरळ पुंगळ्यांच्या पिस्तुली डायांमध्ये टंगस्टन कार्बाइडचे कडे बसवलेले असते. ते इतके कठीण असते की त्यावर पुंगळी वंगणाशिवाय सरकते, आणि इतके ठिसूळ की डाय सिमेंटच्या जमिनीवर पडली तर कड्याला तडा जाऊ शकतो. माझ्या टेबलाखाली रबराची चटई आहे ती एवढ्यासाठीच.

मी भुसावळचा. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर गेला तरी हवा कोरडी असते आणि गंजाची आठवण फक्त पावसाळ्यात होते. येथे सरोवराकाठी जुलै-ऑगस्टमध्ये तळघराच्या भिंतींना घाम फुटतो. पहिल्या उन्हाळ्यात मी डाया स्वच्छ करून, अगदी कोरड्या पुसून, अभिमानाने डब्यात ठेवल्या होत्या. महिन्याभराने उघडले तर एका डायवर माझ्याच अंगठ्याचा ठसा तांबूस गंजात उमटलेला होता, वळणांसकट. द्रावणाने तेल पूर्ण उतरवल्यावर पोलाद उघडे पडते आणि घामातला क्षार त्याला पुरेसा होतो. आता तळघरात आर्द्रता खेचणारे यंत्र चालू असते, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या असतात, आणि प्रत्येक डायला ठेवताना आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवलेला असतो. वापरण्याआधी मात्र ते तेल पुन्हा पुसून काढावे लागते, कारण त्याचा थेंब प्रायमरपर्यंत पोहोचला तर काडतूस मुके होऊ शकते.

हा तेलाचा हात किती असावा, हे मला आजोबांपेक्षा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नेमके शिकवले. नाना वरणगावच्या आयुधनिर्माणीत टूलरूममध्ये होते. पितळेची वाटी टप्प्याटप्प्याने ओढत पुंगळी करणाऱ्या डाया व पंच घोटण्यात त्यांची नोकरी गेली, आणि घरी ते त्याविषयी कधी बोलले नाहीत. दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ कॉलवर माझ्या हातातली डाय त्यांना दिसली तेव्हा मात्र ते खुर्चीत सावरून बसले. ‘कशाने पुसतोस?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. मी कॉटन वेस्टचा गोळा दाखवला. ‘ते टाकून दे. धागा मागे राहतो. आईला सांगून जुन्या धोतराचे तुकडे पाठवतो.’ तेलाविषयी त्यांनी एवढेच सांगितले की ते डोळ्यांना दिसू नये आणि बोटाला कळावे.

धोतराचे तुकडे खरोखरच पार्सलने आले, मेतकुटाच्या पुडीसोबत. त्यातले निम्मे मी आजोबांना दिले. ते मलमल त्यांना इतके आवडले की त्यांनी त्या कापडाचे नाव विचारून वहीत इंग्रजी अक्षरांत ‘धोतर’ असे लिहून ठेवले आहे. गेल्या रविवारी मी डाय घोटून झाल्यावर तिचे तोंड कॅमेऱ्यासमोर, पाठीमागे दिवा येईल अशा बेताने धरले. नानांनी चष्मा वर केला, फोन जवळ नेला, बराच वेळ आत पाहत राहिले. मी वाट पाहत होतो. ‘ठीक आहे,’ ते म्हणाले, ‘पण आता झाकण लाव, किती वेळ उघडी ठेवली आहेस.’